नशेचे पदार्थ : शरीराला धोका किती, कायद्याचा धोका किती?

रानजाई

मी पुण्यात एका कॉलेजच्या होस्टेलची रेक्टर आहे. जुलैत नवी मुलं येतात, आईवडील गादी, बादली, टेबल लॅम्प घेऊन देऊन परत जातात आणि दिवाळीच्या आगेमागे कुठल्यातरी खोलीतून तो वास यायला लागतो. मग मुलांशी बोलणं होतं, पालकांशीही होतं. दोन्हीकडे एकच गफलत दिसते म्हणून हा धागा काढतेय.

मुलं म्हणतात, "मॅडम, गांजा दारूपेक्षा बरा, सायन्सच सांगतं." मुद्दा आरोग्याचा असतो, पण त्यातून ती कायद्याचा निष्कर्ष काढतात, की एवढ्यातेवढ्याला कोण पकडतंय. पालकांचं बरोबर उलटं. "बिअर-बिअर घेतली तर चालेल हो, ड्रग्जच्या नादी लागू नये म्हणजे झालं." इथे मुद्दा कायद्याचा असतो आणि निष्कर्ष आरोग्याचा. माझं म्हणणं असं की या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. एकीवरचा आकडा दुसरीवर वाचला की पोरं अडकतात, कधी जिवानिशी जातात.

आरोग्याच्या बाजूनं सगळ्यात जास्त उद्धृत होणारी तुलना २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. ब्रिटनचे डेव्हिड नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० पदार्थांना ० ते १०० गुण दिले. घेणाऱ्याचं नुकसान आणि इतरांचं नुकसान, दोन्ही धरून. दारू ७२ गुणांनी पहिली. हेरॉइन ५५, कोकेन २७, तंबाखू २६, गांजा २०, एलएसडी (भास घडवणारं रसायन) ७. मुलं ही यादी मोबाइलवर दाखवतात. ती खोटी नाही. पण ती ब्रिटनची आहे, आणि दारूचे गुण एवढे वर जाण्यात दारू पिणाऱ्यांची संख्या, अपघात, घरातली मारहाण यांचा मोठा वाटा आहे. 'एक पेग हेरॉइनपेक्षा घातक' असा तिचा अर्थ नाही.

आता आपला कायदा, म्हणजे अमली पदार्थांबद्दलचा १९८५ चा एनडीपीएस. त्यात पदार्थागणिक 'अल्प प्रमाण' आणि 'व्यापारी प्रमाण' ठरलेलं आहे. गांजा १ किलोपर्यंत अल्प, २० किलोच्या वर व्यापारी. चरस १०० ग्रॅम आणि १ किलो. हेरॉइन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. कोकेन २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. एमडी, म्हणजे मेफेड्रोन, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. आणि लॅन्सेटच्या यादीत जवळजवळ तळाशी असलेलं एलएसडी? २ मिलिग्रॅम आणि १०० मिलिग्रॅम.

दारू या कायद्यात नाहीच.

इथे वकील, डॉक्टर, अनुभव घेतलेले पालक असतील तर लिहा. मला पालकसभेत हे नीट सांगायचंय.

काळाकोट

रानजाई, धागा चांगला काढलात. मी सत्र न्यायालयात फौजदारी कामं बघतो, एनडीपीएसची बरीच येतात.

पहिली गोष्ट. 'अल्प प्रमाण' म्हणजे 'चालतं' असं नाही. अल्प प्रमाणातही एक वर्षापर्यंत कारावास किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. अल्प आणि व्यापारी यांच्या मधलं असेल तर दहा वर्षांपर्यंत. व्यापारी असेल तर कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, दंड एक लाखापासून पुढे. या किमान शिक्षेखाली जायची मुभा न्यायाधीशांनाही नाही. जवळ काही सापडलं नाही, फक्त सेवन केलं, तरी कलम २७ आहे. कोकेन, मॉर्फिन, हेरॉइन असेल तर एक वर्षापर्यंत, बाकी बहुतेक पदार्थांना सहा महिन्यांपर्यंत, किंवा दंड.

आता एलएसडीचं बघा. कागदाच्या नखाएवढ्या तुकड्यावर प्रत्यक्ष द्रव्य मायक्रोग्रॅममध्ये असतं. पण वजन कशाचं धरायचं? २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं हिरा सिंग प्रकरणात सांगितलं की मिश्रण असेल तर भेसळीसकट सगळं वजन धरायचं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एलएसडीचा कागदही त्यात धरला. असा एक तुकडा दहा-पंधरा मिलिग्रॅमच्या घरात असतो. म्हणजे एका तुकड्यानंच अल्प प्रमाणाची रेषा ओलांडली जाते आणि आठ-दहा तुकडे खिशात असले की पोरगा व्यापारी प्रमाणात बसतो. मित्रमंडळींसाठी एकानं सगळ्यांचं मिळून मागवलेलं असतं, एवढंच. तिथे कलम ३७ लागतं. आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, असं न्यायालयाला वाटलं तरच जामीन. व्यवहारात याचा अर्थ तुरुंगात महिने, कधी वर्षं. खटला सुरू व्हायच्या आधी.

शरीराच्या दृष्टीनं सौम्य मानलेला पदार्थ, आणि कायद्याच्या दृष्टीनं सगळ्यात निसरडा. रानजाईंच्या दोन मोजपट्ट्यांचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

टपोरा_मोगरा

मी विद्यार्थी आहे, इंजिनिअरिंग तिसरं वर्ष. रागावू नका, पण प्रश्न खरा आहे. जर गांजा दारूपेक्षा कमी घातक असेल तर कायदा उलटा का? आणि भांग चालते, गांजा नाही, हे काय लॉजिक आहे? झाड एकच.

काळाकोट

मोगरा, रागावण्याचं काय कारण? प्रश्न रास्त आहे. उत्तर इतिहासात आहे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा अफूच्या रांगेत बसवला गेला. भारतासारख्या देशांना गांजाचा पारंपरिक वापर बंद करायला २५ वर्षांची मुदत मिळाली होती. ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा आला. भारतानं जो बचाव करून घेतला तो पानांचा. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे, फळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत. चरस म्हणजे राळ, ती येते. भांग पानांची, म्हणून ती एनडीपीएसमधून सुटली आणि राज्यांकडे गेली.

पण महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी पुढचं वाक्य नीट वाचा. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात भांगेलाही परवाना लागतो. वाराणसीत सरकारी भांगेचं दुकान बघून आलेला माणूस तिथली गोळी बॅगेत टाकून नागपूरला उतरला तर तो 'भांग कायदेशीर आहे' म्हणून सुटत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, भारतानं त्या बाजूनं मत दिलं. त्यामुळे आपल्याकडे काही बदललं असं समजू नकोस. आपला कायदा होता तिथेच आहे. कायदा बदलावा असं तुला वाटत असेल तर जरूर मांड, तो तुझा हक्क आहे. पण बदलेपर्यंत कोर्टात आजचा कायदा वाचला जातो.

डॉ_नीलपक्षी

मी नाशिकला मानसोपचारतज्ज्ञ आहे. आरोग्याची बाजू जरा सविस्तर लिहितो.

'कुठला पदार्थ जास्त घातक' याचं एका आकड्यात उत्तर देताच येत नाही, कारण घातक असण्याचे प्रकार वेगळे असतात. त्या रात्रीच मरण्याचा धोका एक. व्यसन लागण्याचा धोका दुसरा. वीस वर्षांनी शरीर पोखरलं जाण्याचा तिसरा. आणि मन बिघडण्याचा चौथा. पदार्थ बदलला की यांचा क्रम बदलतो.

गांजानं त्या रात्री श्वास थांबून मृत्यू, हे जवळजवळ होत नाही. मोगराला हेच म्हणायचं असणार, आणि तेवढं खरं आहे. पण ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आहे, जी मुलं पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू करतात, जी रोज ओढतात, त्यांच्यात सायकोसिसचा, म्हणजे भ्रम-भास होणाऱ्या मनोविकाराचा, धोका वाढतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय. माझ्या ओपीडीत असा मुलगा येतो तेव्हा घरच्यांना वाटतं, कुणीतरी काहीतरी केलं, बाहेरचं आहे. सहा-आठ महिने देवऋषी करून मग माझ्याकडे. गांजाचं व्यसन लागत नाही हेही खरं नाही. घेणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला लागतं, किशोरवयात सुरू केलं तर प्रमाण आणखी वाढतं. सोडल्यावर झोप उडते, चिडचिड होते, भूक जाते. रोज ओढणाऱ्या काहींना न थांबणाऱ्या उलट्यांचा त्रास होतो, गरम पाण्यानं अंघोळ केली की बरं वाटतं म्हणून दिवसातून चार-चार वेळा अंघोळ करतात. पोटाच्या सगळ्या तपासण्या होतात आणि गांजाबद्दल कुणी विचारतच नाही.

एमडी मात्र वेगळंच प्रकरण आहे. लॅन्सेटच्या त्या यादीत मेफेड्रोनला १३ गुण आहेत. ती यादी २०१० ची, तेव्हा पदार्थ नवा होता. माझ्या अनुभवात सध्या तरुणांचं सगळ्यात झपाट्यानं वाटोळं करणारा पदार्थ हाच. परिणाम दोन-तीन तासांत उतरतो आणि उतरताना पुन्हा घ्यायची तलफ इतकी जबर असते की आणलेलं संपेपर्यंत थांबता येत नाही. दोन-दोन, तीन-तीन दिवस झोप नाही, जेवण नाही. मग संशय. खिडकीबाहेर पोलीस आहेत, मित्र फोन टॅप करतोय, आई जेवणात काहीतरी घालतेय. नाकातून रक्त, छातीत धडधड, रक्तदाब वर, अंग तापणं. हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही होतात. आणि हा पदार्थ लांबून येत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये दौंडजवळ कुरकुंभच्या एमआयडीसीत त्याचा कारखानाच पकडला गेला, त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये आमच्या नाशिकजवळ शिंदे गावात. रासायनिक उद्योग असलेल्या राज्यात हा माल इथेच बनतो, म्हणून सहज मिळतो.

गर्द, ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन : इथे त्या रात्रीचा धोका सगळ्यात मोठा. श्वास मंदावत जातो आणि थांबतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर फार लवकर. काही दिवस बंद ठेवून पुन्हा पहिल्याइतकंच घेतलं की सर्वाधिक मृत्यू तेव्हा होतात, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकत्याच बाहेर आलेल्या मुलांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. सुई वाटून घेतली तर एचआयव्ही आणि हेपॅटायटिस सी.

झोपेच्या गोळ्यांबद्दल कुणी बोलत नाही. मालेगावात अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात. मेडिकलमध्ये मिळते म्हणून सुरक्षित वाटते. चिठ्ठीशिवाय बाळगली तर एनडीपीएसमध्ये येते, हे पोरांना ठाऊक नसतं. आणि रोज घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात. दारूचंही तेच. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाला घरच्यांनी खोलीत कोंडून दारू तोडायला लावली तर दोन-तीन दिवसांत भ्रम, थरथर, झटके, मृत्यूसुद्धा. गर्द एकदम सोडणं भयंकर त्रासाचं असतं, पण धडधाकट माणूस सहसा त्यानं दगावत नाही. दारू एकदम सोडणं दगावू शकतं. लोकांना हे बरोबर उलटं वाटतं.

सह्यकडा

+१ डॉक्टर. दारूबद्दल थोडी भर. २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के लोक दारू घेणारे निघाले, म्हणजे सुमारे १६ कोटी. भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के. दारूच्या समस्येसाठी मदतीची गरज असलेले ५.७ कोटी. आपण 'ड्रग्ज' म्हणून ज्याला घाबरतो त्याच्या कितीतरी पट मोठा प्रश्न घरात बाटलीच्या रूपानं आहे. आणि कायदेशीर म्हणजे मोकाट असंही नाही. महाराष्ट्रात पिण्याचा परवाना लागतो, बिअर-वाइनला २१ आणि बाकी मद्याला २५ वर्षं पूर्ण हवीत. होस्टेलमधला एकोणीस वर्षांचा मुलगा बिअर पितो तेव्हा तोही कायदा मोडतोच. वर्धा आणि गडचिरोली तर पूर्ण दारूबंदीचे जिल्हे.

बंदी किंवा गरिबी असली की हातभट्टी येते. २०१५ मध्ये मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभरावर माणसं गेली. पदार्थ कुठला यापेक्षा पुडीत किंवा फुग्यात खरंच काय आहे हे माहीत नसणं, हा धोका सगळ्यांत समान आहे.

आणि शाळकरी मुलांचं बघा. हुंगायच्या पदार्थांत, म्हणजे व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन यांत, त्याच पाहणीत मुलांचं प्रमाण १.१७ टक्के आणि मोठ्यांचं ०.५८ टक्के होतं. हा एकच प्रकार जिथे मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत. पहिल्याच वेळी हृदय बंद पडू शकतं. दुकानात स्टेशनरीच्या काउंटरवर मिळतं ते.

खानदेशी_बाणा

शिरपूरकडचा आहे मी. सातपुड्याच्या पायथ्याला कपाशी-तुरीत गांजाची झाडं सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचता. शेतकऱ्याला वाटतं, दोन ओळी लावल्या, पिऊन थोडीच राहिलो. लागवडीला 'अल्प प्रमाण' ही सवलतच नाही, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. व्यापारी येतो, बी देतो, उचलून नेतो. पकडलं जातं ते सातबाऱ्यावरचं नाव. ओढणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही की त्यांच्या पुडीच्या मागे कुणाचं तरी शेत आणि कुणाचा तरी बाप अडकलाय.

अश्विनी_म

बरेच दिवस इथे फक्त वाचत होते. आज लिहिते, कारण डॉक्टरांनी एमडीबद्दल जे लिहिलं ते मी घरात बघितलंय.

माझा मुलगा पुण्यात शिकत होता. आम्हाला कळलं ते त्याच्या वजनावरून आणि पैशांवरून. एकदा तो एका फ्लॅटवर कोसळला. घामानं भिजलेला, अंग भट्टीसारखं, काहीतरी बरळत होता. मित्र चार-पाच होते. दवाखाना रस्त्यापलीकडे होता. त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं नाही, पोलिसांच्या भीतीनं. त्याला गार पाण्याच्या शॉवरखाली बसवून ठेवलं आणि फोनवर शोधत राहिले काय करायचं ते. दोन तासांनी त्यांतल्या एका मुलीनं मला फोन केला. तिचे उपकार मी विसरणार नाही. मी म्हटलं, आधी उचला त्याला, बाकीचं मी बघते.

तो वाचला. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहिला, नंतर पुन्हा घसरला, पुन्हा गेला. आता बरा आहे, नोकरी करतो, दर आठवड्याला सभेला जातो.

माझं सगळ्या पालकांना एवढंच सांगणं आहे. मुलाला आज, ठीक असताना, सांगून ठेवा : काहीही घेतलं असू दे, कुणीही घेतलं असू दे, आधी दवाखाना, मग मला फोन, मी रागावणार नाही. आम्ही आमच्या मुलाला लहानपणापासून उलटं सांगितलं होतं, की असलं काही केलंस तर घरात पाय ठेवू नकोस. हे सगळे आईबाप म्हणतात. ती मुलं दोन तास थांबली ती अशा वाक्यांमुळे.

काळाकोट

अश्विनीताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं झालं.

त्या भीतीबद्दल कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण ती भीती माणसं मारते. मित्राला दवाखान्यात नेणं हा कुठलाही गुन्हा नाही. दवाखाना वैद्यकीय-कायदेशीर नोंद करू शकतो, पोलीस जबाब घ्यायला येऊ शकतात, हे खरं. पण एनडीपीएसमध्येच कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण जाऊ शकतं. कलम ३९ खाली न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठीही सोडू शकतं. ही कलमं वापरली फार कमी जातात, कारण पहिल्या दिवशी वकिलाला कुणी व्यसनाबद्दल सांगतच नाही. घराणं, अब्रू, लग्न. मग मुलगा 'माल माझा नाही' या एकाच बचावावर उभा राहतो आणि उपचाराचा रस्ता बंद होतो.

दुसऱ्या बाजूला, खरी सावधगिरी कुठे हवी ते ऐका. स्वतःची खोली किंवा फ्लॅट जाणूनबुजून या कामासाठी वापरू देणं, कलम २५. नुसतं 'तू मागव, मी पैसे टाकतो' असे मेसेज, कलम २९ खाली कट म्हणून मांडले जातात. २०२१ च्या मुंबई क्रूझ प्रकरणात उच्च न्यायालयानं जामीन देताना चॅटमध्ये कट दिसत नाही असं म्हटलं, पण तोवर माणसं तुरुंगात राहिलीच होती. मित्राची बंद बॅग 'जरा ठेव' म्हणून ठेवू नका. ताब्यात माल सापडला की माहीत नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, इतर गुन्ह्यांत असतं तसं नाही. अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर घ्या म्हणायचा हक्क कलम ५० देतं, तो सांगणं अधिकाऱ्याचं काम आहे. आणि २०२० च्या तोफान सिंग निकालानंतर तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही.

जाता जाता : 'तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये एमडीएमए सापडलंय, व्हिडिओ कॉलवर राहा' असा फोन आला तर ती शुद्ध फसवणूक आहे. फोनवर अटक होत नाही. बंद करा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवा.

दर्यावर्दी_रत्नागिरी

मर्चंट नेव्हीत आहे. आमच्याकडे बोटीवर अचानक लघवीची तपासणी होते. होळीला गावी येऊन भांग घेतलेला पोरगा पुढच्या आठवड्यात जॉइन होतो आणि पॉझिटिव्ह येतो. तपासणीला पान की शेंडा हे कळत नाही, टीएचसी, म्हणजे दोन्हीतलं नशेचं द्रव्य, कळतं. क्वचित घेणाऱ्याचं काही दिवस, रोजच्याचं काही आठवडे दिसत राहतं. करार गेला, एजंटाकडे नाव काळं झालं. पोलीस नाही, कोर्ट नाही, तरी करिअर संपलं. हाही धोका धरा.

परसदार

न्यू जर्सीहून. इथे एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्यांना गांजा दुकानात मिळतो, बिलासकट. आपल्याकडून एमएसला येणाऱ्या मुलांना वाटतं, आता प्रश्नच मिटला. नाही मिटला. राज्याचा कायदा वेगळा आणि इमिग्रेशन चालतं केंद्राच्या कायद्यावर, तिथे गांजा अजून बेकायदाच आहे. व्हिसाच्या मुलाखतीत किंवा विमानतळावर 'हो, घेतला होता' एवढी कबुलीसुद्धा प्रवेश नाकारायला पुरते, खटला न होता. एफ-१, एच-१बी, ग्रीन कार्डवाले, सगळ्यांनाच लागू. गांजाच्या कायदेशीर दुकानात नोकरी केली तरी अडचण. फोनमधले फोटो बघतात.

आखातात जाणाऱ्यांसाठी : दुबईला खसखस नेऊ नका. आई लाडू-अनारसे देते, वर पुडीही देते. तिथे खसखस बंदी असलेल्या यादीत आहे. आणि सिंगापूरला ५०० ग्रॅमच्या वर गांजा, १५ ग्रॅमच्या वर हेरॉइन नेताना सापडलं तर फाशी आहे, कागदावरची नव्हे, प्रत्यक्ष दिली जाणारी. थायलंडनं २०२२ मध्ये गांजा खुला केला, २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणला. तिथून बॅगेत घालून मुंबईला उतरणारी मुलं कस्टम्सला नेमानं सापडतात.

टपोरा_मोगरा

काळाकोट काका, डॉक्टर, अश्विनी काकू, सगळं वाचलं. आमच्या ग्रुपमध्ये टाकलंय. एलएसडीच्या कागदाचं वजन धरतात हे एकालाही माहीत नव्हतं.

एक विचारायचंय डॉक्टर. दवाखान्यात नेलं तर तिथे काय सांगायचं? खरं सांगितलं तर ते पोलिसांना सांगतील म्हणून मुलं "फूड पॉयझनिंग झालं" सांगतात.

डॉ_नीलपक्षी

खरं सांगायचं, मोगरा. काय घेतलं, किती वाजता, सोबत दारू होती का, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत का. यावर उपचार बदलतो. गर्द किंवा तत्सम असेल तर नॅलोक्झोनचं इंजेक्शन मिनिटांत श्वास परत आणू शकतं, पण डॉक्टरला कळलं तर. एमडीएमए घेऊन भीतीपोटी लिटरच्या लिटर पाणी प्यायलेल्या मुलाचं सोडियम उतरलेलं असतं, त्याला फूड पॉयझनिंग समजून वागवलं तर आणखी बिघडेल. डिप्रेशनच्या काही गोळ्या आणि एमडीएमए एकत्र झालं तर अंग तापून, स्नायू ताठरून जीव जाऊ शकतो. पुडी किंवा गोळीचा उरलेला तुकडा डॉक्टरला दाखवला तरी मदत होते.

गाडी येईपर्यंत : बेशुद्ध असेल तर पाठीवर झोपवू नका, कुशीवर वळवा, उलटी श्वासात जाऊन माणसं मरतात. एकटं सोडू नका. 'झोपलाय, झोपू दे' म्हणू नका. घोरण्याचा वेगळाच घरघर आवाज, ओठ निळे, हाक मारून जागा न होणं, ही लक्षणं दिसली तर वाट बघत थांबू नका. मीठ-पाणी, लिंबू, ताक पाजू नका. अंग तापलं असेल तर कपडे सैल करा, ओल्या फडक्यानं पुसा, पंखा लावा. १०८ ला फोन.

आणि गुप्ततेबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकारही येतात, आणि त्या कायद्यानं रुग्णाच्या माहितीची गुप्तता हा हक्क आहे. ओपीडीत येऊन 'मी एमडी घेतो, सोडायचंय' म्हणणाऱ्या मुलाला मी पोलिसांकडे पाठवत नाही, मी त्याला खुर्ची देतो.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. पालकसभा शनिवारी आहे. काळाकोट, एकच शंका. रात्री एखाद्या मुलानं मला फोन केला, की खोलीत असं झालंय, तर रेक्टर म्हणून मी आधी काय करायचं? व्यवस्थापनाचा लेखी नियम आहे, 'आधी सुरक्षा विभागाला कळवावे'.

काळाकोट

आधी १०८. नियम व्यवस्थापनाचा आहे, कायद्याचा नाही. तो शनिवारच्या आधी बदलून घ्या आणि बदललेला लेखी ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या वॉचमनलाही फाटक उघडायला कुणाला विचारावं लागणार नाही. खोलीतलं काही तुम्ही स्वतः उचलू नका, टॉयलेटमध्ये टाकू नका, पुरावा नष्ट केल्याचा आळ तुमच्यावर येईल. मुलगा दवाखान्यात पोचल्यावर बाकीचं.

रानजाई

प्राचार्यांशी बोलले, नियम बदलला. आता असं आहे : "कोणत्याही कारणाने विद्यार्थी बेशुद्ध किंवा अत्यवस्थ असल्यास प्रथम १०८, नंतर रेक्टर." खाली व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस १४४१६. प्रत्येक मजल्यावर लावलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या मुली म्हणाल्या की इंग्रजी आणि हिंदीतही लावा, मणिपूर आणि केरळच्या मुली आहेत. ते उद्या छापून घेते.